औंधहून हर्णै: मासळीचा लिलाव बघायला किती पैसे लागतात?

आधी आकडा सांगून टाकतो. औंधहून (यमाईच्या औंधहून, पुण्याच्या नव्हे) चार माणसांचं कुटुंब स्वतःच्या गाडीने निघालं, हर्णैला एक मुक्काम केला, संध्याकाळचा आणि सकाळचा असे दोन्ही लिलाव पाहिले, दोन वेळा पोटभर मासळी खाल्ली आणि येताना तीन किलो घरी आणली, तर खर्च साडेबारा हजारांच्या आसपास जातो. घरी न्यायची मासळी वगळली तर दहा-साडेदहा हजार. पुढे दिलेले सगळे दर अंदाजाचे आहेत. मासळीचा भाव तर सकाळी एक आणि दुपारी एक असतो, त्यामुळे हा हिशेब शंभर-दोनशेने इकडेतिकडे होणारच.

टोकियोच्या मासळीबाजाराचे व्हिडिओ आता खटाव-माणातही मोबाईलवर पाहिले जातात. बर्फात मांडलेले टुना, हातात घंटी घेतलेला लिलाववाला, काडीला टोचून दिलेलं गरम ऑम्लेट हे सगळं पाहून मुलं विचारतात, असलं आपल्याकडे कुठे बघायला मिळतं? मिळतं, आणि एका दिवसाच्या अंतरावर मिळतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, सुवर्णदुर्गासमोर, हर्णै बंदराच्या वाळूवर रोज लिलाव होतो. तिकीट नाही, काच नाही, की सोडत नाही. बोली लावणाऱ्याच्या खांद्यामागे उभं राहून बघता येतं.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यातून काढून टाका. ‘बंदरावर मासळी स्वस्त, म्हणून जाऊ’ हा हिशेब औंधच्या माणसाला कधीच जुळत नाही. समजा, सुरमई साताऱ्या-कराडपेक्षा हर्णैला किलोमागे दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली. जाण्यायेण्याचं पेट्रोलच तीन हजारांच्या वर जातं. म्हणजे नुसतं पेट्रोल वसूल व्हायला पंधरा-सोळा किलो मासळी आणावी लागेल, आणि ती खायला अर्धी गल्ली बोलवावी लागेल. जायचं ते लिलाव बघायला आणि ताजी मासळी तिथल्या तिथे खायला. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचे खर्चाचे निर्णय सोपे होतात.

कधी जावं

जून-जुलैत जाऊ नका. या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, अशी दोन्ही कारणं त्यामागे आहेत. गेली अनेक वर्षं ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी चालत आली आहे, तरी ऑगस्टमध्ये जायचा बेत असेल तर त्या वर्षीची तारीख विचारूनच निघा. बंदी उठली तरी बोटी खऱ्या अर्थाने बाहेर पडतात त्या नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. त्याआधी गेलात तर बंदर बघाल, लिलाव नाही.

माझ्या मते उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा बरी असते, आवक चांगली असते आणि बर्फही टिकतो. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या मात्र टाळा. तेव्हा दीड-दोन हजारांची खोली दुप्पट होते, आणि हर्णैच्या अरुंद रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांमध्ये तासभर अडकून पडता ते वेगळंच.

वाराचाही भावावर परिणाम होतो, आणि हा हिशेब कोळणी आपल्यापेक्षा पक्का ओळखतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आपल्या लोकांचे सामिषाचे वार, त्या दिवशी भाव चढा. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टी या दिवशी गिऱ्हाईक कमी. श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार हे तर ग्राहकाच्या सोयीचे दिवस, अर्थात घरात कुणाचा उपास नसेल तर. सासूबाईंचं मार्गशीर्षाचं व्रत असताना डिकीत पापलेट घालून औंधला परत यायचं धाडस ज्याचं त्याने करावं.

वाट आणि वाहन

औंधहून पुसेसावळीमार्गे कराड, तिथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग मुंबई-गोवा महामार्गाने खेड आणि खेडहून दापोली-हर्णै. एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, थांबे धरून सहा-साडेसहा तास. दुसरी वाट सातारा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड अशी आहे. अंतर जवळपास तेवढंच. पण सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरची गर्दी आणि पावसाळ्यात आंबेनळीतल्या दरडी पाहता मी कुंभार्लीच सुचवेन. उंब्रजकडून महामार्गाला लागलात तर तासवड्याचा टोल लागतो, थेट कराडला उतरलात तर वाचतो.

शिवाय ही वाट मासळीच्या ओळखीची आहे. कोकणातलं मीठ, नारळ आणि सुकी मासळी चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात उतरायची आणि बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली चढून कराडच्या पेठेत यायची. घाटावरच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबलाचा वास आहे तो या वाटेमुळे. आपल्या आज्यांनी समुद्र पाहिला नसेल, पण बोंबलाचं कालवण त्यांना आपल्यापेक्षा छान जमायचं.

आता पैसे. जाऊन-येऊन आणि तिथलं थोडं फिरणं धरून गाडी ४८० किलोमीटर चालते. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या गाडीला तीस लिटर पेट्रोल, १०५ रुपयांच्या भावाने ३,१५० रुपये. डिझेल किंवा सीएनजीची गाडी असेल तर कमी. भाड्याची गाडी केलीत तर किलोमीटरचा दर, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि ‘कमीत कमी किलोमीटर’ ही अट, हे तिन्ही निघण्यापूर्वी बोलून घ्या. दोन दिवसांचा हिशेब बहुतेक वेळा त्या तिसऱ्या अटीवर फुगतो.

एसटीने जायचं तर थेट गाडीची आशा धरू नका. औंध-कराड, कराड-चिपळूण, चिपळूण-दापोली, दापोली-हर्णै असे टप्पे करावे लागतात. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. त्या हिशेबाने एका बाजूचं पूर्ण तिकीट पावणेचारशे ते चारशे रुपये. महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. गंमत म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं अशा कुटुंबाला एसटीने फारशी बचत होत नाही. दोन्ही बाजूंचं भाडं दोन हजार आणि तिथल्या रिक्षांचे पाच-सहाशे धरले की गाडीच्या पेट्रोलच्या जवळच येता. पण पाच बायकांचं भिशी मंडळ निघालं तर जाऊन-येऊन सगळ्यांचे मिळून दोन हजार रुपये! या सहलीचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच. शेवटची दापोली-हर्णै गाडी किती वाजता आहे ते दापोली स्थानकात उतरल्या उतरल्या विचारा.

पूर्वीच्या औंध संस्थानातली, पण सांगली जिल्ह्यातली गावं, म्हणजे कुंडल-आटपाडीकडची मंडळी असतील, तर त्यांना हर्णैपेक्षा रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर सोयीचं. कोल्हापूर गाठायचं आणि आंबा घाट उतरायचा. मिरकरवाडा मोठं, यांत्रिक बोटींनी गजबजलेलं बंदर आहे, माल प्रचंड येतो. पण वाळूवरचा लिलाव, समोर पाण्यात उभा किल्ला आणि ओल्या वाळूतून येणाऱ्या बैलगाड्या हे दृश्य हर्णैचंच.

लिलाव कसा चालतो

हर्णैला बोटी थोड्या खोल पाण्यात नांगरतात. तिथून माल छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येतो. साधारण सकाळी सातच्या पुढे आणि दुपारी चारच्या पुढे, अशा दोन वेळा गर्दी होते. घड्याळ लावून बसू नका. बोटी कधी येतील हे भरती, वारा आणि जाळ्यात काय सापडलं यावर ठरतं. आदल्या संध्याकाळी गावात विचारलं की दुसऱ्या दिवसाचा अंदाज मिळतो.

वाळूवर टोपल्या आणि प्लास्टिकचे क्रेट ओतले जातात. बांगड्यांचा ढीग एकीकडे, कोळंबी एकीकडे, सुरमई आणि घोळ लांबीने मांडलेल्या, म्हाकूळ पाणी गळत पडलेले. लिलाव पुकारणारा आकडा फेकतो, भोवतीचे व्यापारी मान, बोट किंवा नुसती भुवई हलवतात आणि काही सेकंदांत ढीग विकला जातो. आपल्याला कळेपर्यंत पुढचा ढीग चाललेला असतो. लगेच बर्फ फोडायचा आवाज सुरू होतो आणि माल टेम्पोत चढतो. यातलीच काही मासळी रात्रीतून घाट चढून आपल्या कराड-साताऱ्याला पोचते.

बघण्याचा खर्च शून्य. पण ही लोकांच्या पोटापाण्याची जागा आहे. क्रेट वाहणाऱ्या माणसाच्या वाटेत उभं राहू नका. विकत घ्यायची नसलेली मासळी उचलून फोटो काढू नका, आणि कोळणीचा फोटो विचारल्याशिवाय मुळीच नको. पायात रबरी चप्पल घाला. नवे बूट, पांढरी पँट आणि घोळदार साडी या तिन्ही गोष्टी मुक्कामाच्या खोलीवर ठेवून या.

लिलावात बोली लावू का, असं पुष्कळजण विचारतात. लावू नये. तिथे विकला जातो तो आख्खा ढीग किंवा पाटी, म्हणजे दहा-वीस किलोंचा मामला. भाव किलोचा आहे की ढिगाचा, हेही नवख्याला समजत नाही. चार कुटुंबं मिळून एक पाटी घ्यायची असेल आणि सोबत ओळखीचा स्थानिक माणूस असेल तर गोष्ट वेगळी. एरवी आपली जागा लिलावाच्या कडेला बसलेल्या कोळणींसमोर. त्यांनी ढीग घेऊन त्याचे वाटे लावलेले असतात.

वाटा घेताना

“मावशी, वाटा कसा दिला?” इथून बोलणं सुरू होतं. मावशी पाचशे म्हणतात, आपण तीनशे म्हणतो, सौदा चारशेच्या आसपास तुटतो. यात राग मानायचं काही नाही. पण दोनशेच्या खाली मागून त्यांचा वेळ घालवू नका. मोठी मासळी किलोवर, बाकी वाट्यावर. वाटा घेताना वरचे दोन मोठे नग बघून भुलू नका, खालचे पण बघा.

अंदाजाला म्हणून हंगामातले दर: बांगडा दीडशे ते तीनशे रुपये किलो. मांदेली आणि बोंबील शंभरापासून अडीचशेपर्यंत. कोळंबी आकारानुसार तीनशे ते सहाशे, सुरमई सहाशे ते हजार. पापलेट आठशेपासून सुरू होऊन मोठं असेल तर दीड हजारापर्यंत जातं. शेवंड बघावी, भाव विचारावा आणि पुढे सरकावं.

पापलेटाबद्दल थोडं जास्त सांगतो. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. कारण साधं आहे, पिल्लंच बाजारात येऊ लागली तर पुढच्या हंगामात पापलेट उरणार कुठून? लहान मुलाच्या तळव्याएवढी पापलेटं वाट्यावर स्वस्त दिसतात. ती घेऊ नका. खायलाही त्यात काट्यांखेरीज फार काही नसतं.

ताजेपणा ओळखायला तीनच गोष्टी पुरतात. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. तपकिरी झाले असतील तर पुढची टोपली. डोळा बाहेर आलेला आणि काचेसारखा, आत गेलेला किंवा दुधाळ नको. बोटाने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं. चिंबोरी हातात जड लागली पाहिजे. अमावस्येच्या सुमारास ती भरलेली असते आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर कुणीही सांगेल. आणि नाकाला समुद्राचा वास यावा, मासळीचा नव्हे.

आता खरा भाव काढायला शिका. किलोचा दर हा फसवा आकडा आहे. कोळंबी सोलली की साधारण निम्मीच उरते, म्हणजे चारशे रुपये किलोची कोळंबी ताटात आठशेला पडते. सुरमईचं डोकं आणि पोट गेलं की पाव ते एक तृतीयांश वजन कमी होतं, पण डोक्याचं कालवण फुकटात मिळतं. बोंबलात पाणीच जास्त. या हिशेबाने मध्यम आकाराचा बांगडा हा बंदरावरचा सगळ्यात किफायती मासा ठरतो, आणि चवीला मी तो सुरमईच्या वर लावतो. साफ करून तुकडे करून देणाऱ्या बायका तिथेच बसतात, किलोला तीस ते पन्नास रुपये घेतात. ते जरूर द्या. मुक्कामाच्या न्हाणीघरात मासळी साफ केलीत तर मालक पुढच्या वेळी खोली देणार नाही.

रोख पैसे सुट्ट्या नोटांत न्या. मोबाईलवरून पैसे घेणाऱ्या कोळणी पुष्कळ आहेत, पण वाळूवर रेंज आली तर आली.

खायचं कुठे आणि कितीला

जपानी बाजारासारखं उभ्या-उभ्या चार घास खायची पद्धत हर्णैच्या लिलावात नाही. इथली रीत वेगळी. मासळी तुम्ही घ्यायची आणि जवळच्या खानावळीत किंवा मुक्कामाच्या घरी शिजवायला द्यायची. शिजवण्याचे किलोमागे दोनशे ते तीनशे रुपये पडतात. तळणाचे आणि कालवणाचे दर वेगळे असतात, भाकरी, भात आणि सोलकढी यांचे पैसे आणखी वेगळे. हे सगळं मासळी हातातून देण्यापूर्वी ठरवा. दुसरं, मासळी देताना तुकडे मोजून द्या. यात अविश्वास काही नाही, एकाच तव्यावर तीन कुटुंबांची सुरमई तळली जात असते आणि सरमिसळ होते.

चौघांसाठी दीड किलो मिश्र मासळी नऊशे, शिजवणावळ चारशे आणि बाकीचं ताट चारशे, म्हणजे सतराशे रुपयांत संध्याकाळचं जेवण. तेच तयार थाळी घेतली तर बांगडा अडीचशे-तीनशे, कोळंबी तीनशे ते चारशे, सुरमई साडेतीनशे ते साडेचारशे, पापलेट साडेचारशे ते सहाशे. पैशाच्या दृष्टीने फरक थोडा. पण स्वतः निवडून घेतलेल्या मासळीत ताजेपणाची खात्री आणि तुकड्याचा आकार दोन्ही आपल्या हातात असतात. पहिल्या दिवशी शिजवून घ्या, दुसऱ्या दिवशी थाळी खा, म्हणजे दोन्हींचा अंदाज येतो.

घाटावरच्या जिभेला इथलं कालवण पहिल्या घासाला मवाळ वाटेल. आपल्या कांदा-लसूण मसाल्याची सवय असते. खानावळीत ‘जरा झणझणीत करा’ असं सांगायचा मोह होतो. सांगू नका. ओल्या नारळात आणि कोकमात ताज्या मासळीची चव कळते. आपला मसाला बर्फात दोन दिवस राहिलेल्या मासळीला बरा.

ज्यांच्या घरात कुणी मासळी खात नाही त्यांनी बिचकू नये. दीडशे-दोनशेत साधी शाकाहारी थाळी मिळते आणि सोबतीला कोकम सरबत. एकाच टेबलावर दोन्ही चालतं का, हे मात्र आधी विचारून घ्या.

मुक्कामाचं म्हणाल तर हर्णैपेक्षा शेजारच्या मुरूड, कर्दे किंवा आंजर्ल्याला घरगुती सोय जास्त चांगली मिळते. खोलीला दीड ते तीन हजार. चौघांना एका खोलीत जादा गादी टाकून अडीच हजारांत भागतं. खुद्द हर्णैत राहण्याचा फायदा एवढाच, की सकाळी सातच्या लिलावाला चालत जाता येतं. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि आसूदचं केशवराज मंदिर दुपारच्या मोकळ्या वेळात होतात. त्याला खर्च नाही, पायऱ्या मात्र आहेत. सुवर्णदुर्गाला होडी समुद्र शांत असेल तरच सोडतात. भाडं होडीमागे ठरतं, म्हणून चार अनोळखी माणसं जमवून भागीदारीत जा. १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून घेतलेला हा किल्ला लिलावाच्या जागेवरूनही छान दिसतो. गुडघे दुखत असतील तर तेवढंच पुरे.

टोकियोचा हिशेब

तुलनेपुरतं जपानचंही सांगतो, कारण आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुलं तिकडे कंपन्यांत आहेत आणि आई-बाप एकदा तरी जातातच. १९३५ साली सुरू झालेल्या त्सुकिजी बाजाराचा घाऊक भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलवला. पर्यटकांचं खाणं-पिणं चालतं तो त्सुकिजीचा बाहेरचा बाजार मात्र जागेवरच आहे. दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. तोयोसूचा टुनाचा लिलाव पहाटे साडेपाचच्या सुमाराला, काचेपलीकडून बघायचा. अगदी जवळच्या सज्जात उभं राहायचं तर आधी ऑनलाइन सोडतीत नाव लागावं लागतं.

मुलगा निशिकासाईला राहत असेल, आणि टोकियोतली भारतीय कुटुंबं तिथे भरपूर आहेत, तर तोझाई लाइनने कायाबाचोला उतरून हिबिया लाइनने त्सुकिजी. भाडं दोनशे येनच्या थोडं वर. एक येन साधारण पंचावन्न-साठ पैसे धरा. काडीवरचं अंड्याचं तामागोयाकी शंभर ते दोनशे येन, भाजलेला शिंपला पाचशे ते हजार, कच्च्या मासळीचा भाताचा वाडगा दोन हजारांपासून वर. म्हणजे शे-सव्वाशे रुपयांत चव घेता येते आणि दीड हजारात पोट भरतं. खर्च होतो तो विमानाचाच, माणशी पन्नास ते ऐंशी हजार. बाजार रविवारी आणि पुष्कळ बुधवारी बंद असतो, दुपारी दोननंतर आवराआवर सुरू होते. घेतलेला पदार्थ त्याच दुकानासमोर उभं राहून संपवायचा, खात खात फिरणं तिथे असभ्य मानतात.

२०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोंचा एक टुना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. तो बाजारभाव नव्हे. नव्या वर्षाचा पहिला मासा घेऊन नाव गाजवायची तिथल्या सुशी साखळ्यांची ती चढाओढ असते.

कच्ची मासळी खायची हौस मात्र त्सुकिजीलाच भागवा. हर्णैची कितीही ताजी सुरमई असली तरी ती तशी खाण्यासाठी हाताळलेली नसते.

घरी आणायची असेल तर

परतीचा प्रवास साडेसहा तासांचा, त्यात घाट. मासळी दुसऱ्या दिवशी सकाळी, निघताना घ्या. थर्माकोलची पेटी दीडशे ते अडीचशे रुपयांना मिळते. किलोला किलो बर्फ, हे प्रमाण पाळा. तळाला बर्फ, मग पिशवीत बांधलेली मासळी, परत बर्फ, आणि झाकणाला चिकटपट्टी. वितळलेलं पाणी चिपळूणला एकदा काढून टाका आणि तिथेच बर्फ भरून घ्या.

यात चालढकल नको, आणि ते फक्त वासापायी नाही. बांगडा, सुरमई, टुना या जातीच्या माशांत ऊन लागलं की हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, आणि माणूस समजतो की आपल्याला मासळीची ॲलर्जी आहे. दोन-अडीचशे रुपयांचा बर्फ वाचवायला जाऊ नका.

खरं तर ओली मासळी आणण्यापेक्षा सुकी आणा, असं मी सांगेन. हर्णैच्या आणि शेजारच्या पाजपंढरीच्या कोळणी सुकट, सुके बोंबील, जवळा विकतात. हे काही शेकड्यांत मिळतं, बर्फ लागत नाही आणि पावसाळाभर पुरतं. सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, दीड-दोन हजार रुपये किलोच्या घरात जातात, पण पाव किलो सोड्यांत एका घराची चार-पाच वेळची भाजी होते. घेताना मुठीत दाबून बघा. ओलसर लागले किंवा हाताला मीठ फार चिकटलं तर नको. सोबत दापोलीतून कोकम आणि आगळाची बाटली घ्या. आठवडी बाजारात मिळणाऱ्यापेक्षा ती नक्की बरी असते.

एवढं लांब जायचंच नसेल तर

एका दिवसात जाऊन यायचं तर उजनीचा काठ आहे. औंध, वडूज, दहिवडी, फलटण, बारामती, भिगवण अशी वाट, एका बाजूला एकशेतीस-चाळीस किलोमीटर. भिगवण आणि इंदापूरच्या मासळीबाजारात सकाळी धरणातल्या मासळीचे लिलाव होतात. कटला, रोहू, चिलापी, वाम, मरळ हा तिथला माल. दर समुद्राच्या मासळीच्या निम्म्याच्या आसपास. भिगवणच्या मच्छी थाळीला दोनशे ते तीनशे रुपये लागतात, आणि ती आपल्याच तिखटात असते. चौघांचं पेट्रोल अठराशे, जेवण हजार-बाराशे, चहा-नाश्ता तीनशे. साडेतीन हजारांत दिवस होतो. हिवाळ्यात गेलात तर कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षीही दिसतात, होडीचं भाडं ठरवून घ्यायचं.

कटल्याच्या तुकड्यात दुहेरी काटे असतात, लहान मुलांना पोटाकडचा तुकडा द्या. ज्यांना काट्याची भीती आहे त्यांनी वाम किंवा मरळ मागावी. मरळ जिवंत विकतात आणि भाव सगळ्यात चढा सांगतात. वजन करून झाल्यावर तीच मरळ तुमच्यासमोर कापून घ्या.